सुरतेची झाडलोट आणि शहराचा कारभार

सुरत हे नाव मराठी माणसाला दोन प्रसंगांमुळे पाठ असते. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी त्या श्रीमंत बंदरावर घातलेले छापे हा एक, आणि १९०७ साली तापीकाठी भरून जोडाफेकीत मोडलेले काँग्रेसचे अधिवेशन हा दुसरा. तिसऱ्या प्रसंगाची आठवण मात्र पुस्तकांपेक्षा खानदेशातील घराघरांत अधिक आहे. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागांवर राबणारी असंख्य कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून गेलेली आहेत. १९९४ च्या सप्टेंबरात ही माणसे हातातले काम टाकून, मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. पाठीमागे शहरात प्लेग होता.

त्या महिन्याच्या आरंभी तापीला पूर आला होता. सखल वस्त्यांत पाणी शिरले, गाळ साचला, मेलेली जनावरे कुजत पडली. तिसऱ्या आठवड्यात वेड रोडच्या परिसरातून फुप्फुसाच्या प्लेगचे रोगी नव्या सिव्हिल हॉस्पिटलात येऊ लागले, आणि काही दिवसांतच लक्षावधी लोक शहर सोडून गेले. अनेक खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली. त्याच्या थोडेच आधी, ऑगस्टमध्ये, आपल्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले होते. हा आजार प्लेगच होता की नाही यावर तज्ज्ञांत बराच काळ वाद चालला. डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९५ मध्ये तो प्लेगच असल्याचा निर्वाळा दिला. साऱ्या देशात मिळून या साथीने दगावलेल्यांची संख्या पन्नासहून थोडी अधिक भरली. आकडा लहान वाटेल. परंतु भीतीचे मोजमाप मृत्यूंच्या संख्येवरून होत नाही. परदेशांनी विमाने थांबविली, माल नाकारला, आणि हिऱ्यांच्या व कापडाच्या या नगरीचे नाव घाणीचा दाखला म्हणून जगभर गेले.

अशा वेळी लोक विचारतात, दोष कोणाचा? उंदराचा, पुराचा की झोपडपट्टीचा? हे प्रश्न सोपे आहेत, कारण त्यांपैकी कोणीही खुलासा देण्यास हजर राहत नाही. अवघड प्रश्न वेगळाच आहे. रस्त्यावरचा ढीग उचलावयाचा हुकूम कोणी द्यावयाचा, तो पाळला गेला नाही तर कोणी कोणाला जाब विचारावयाचा, आणि ज्याने तो प्रत्यक्ष हाताने उचलावयाचा त्याची तक्रार कोणी ऐकावयाची? शहराचे राजकारण, लोकसेवा आणि कामगारांचे तंटे ही तीन प्रकरणे वर्तमानपत्रांत वेगवेगळ्या पानांवर छापली जातात. उकिरड्यापाशी मात्र ती एकाच जागी येऊन मिळतात.

सुरतेची नगरपालिका जुनी, १८५२ सालची. महानगरपालिका १९६६ मध्ये झाली. मधल्या आणि नंतरच्या काळात शहर ज्या वेगाने फुगले त्याची कल्पना जनगणनेवरून येते. १९६१ साली वस्ती दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार होती. १९७१ साली ती पावणेपाच लाखांच्या घरात गेली, १९८१ साली पावणेआठ लाखांच्या आणि १९९१ साली पंधरा लाखांच्या. तीस वर्षांत पाचपट! एवढी माणसे ज्या धंद्यांनी ओढून घेतली त्यांनी कमाई केली; गटारे व संडास यांचा हिशेब मात्र कोणाच्याच वहीत मांडला गेला नाही. साथीपूर्वी शहरात रोज पडणाऱ्या कचऱ्यापैकी जेमतेम अर्धा उचलला जात असे.

महानगरपालिका चालते ज्या कायद्याने, तो १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा. पुणे आणि सुरत या दोन्ही शहरांना तोच लागू झाला, म्हणून सुरतेचे हे प्रकरण मराठी वाचकाला परके वाटू नये. (दोन्ही राज्यांनी अलीकडे त्याची नावे बदलून आपापली लावून घेतली आहेत, सांगाडा तोच आहे.) त्यात कारभाराचे दोन भाग पाडलेले आहेत. लोकांनी निवडलेले नगरसेवक धोरण ठरवितात, अंदाजपत्रक मंजूर करतात, आणि स्थायी समितीमार्फत खर्चावर देखरेख ठेवतात. अंमलबजावणीचा अधिकार असतो आयुक्ताकडे, आणि आयुक्ताची नेमणूक करते राज्य सरकार.

या दुहेरी रचनेचे मूळ मुंबईत आहे. १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. ज्यांच्या नावाचे मार्केट अजून लोकांच्या तोंडी आहे तेच हे गृहस्थ. त्यांनी शहर साफ केले आणि तिजोरीही साफ केली. १८७१ मध्ये करदात्यांनी ओरड केली तेव्हा तरुण फिरोजशहा मेहता यांनी लोकप्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. कर्तबगार अधिकाऱ्याचे हात बांधू नका, त्याला जाब विचारणारी सभा मात्र लोकांनी निवडलेली असू द्या, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. १८७२ आणि १८८८ च्या कायद्यांत हेच तत्त्व उतरले. जाब विचारणारे कोणी नसले की काय होते हे पुण्याने १८९७ मध्ये पाहिले. त्या वर्षीच्या प्लेगात रँड यांच्या हाती अधिकार होता, घरात घुसणारे गोरे सोजीर होते; लोकांच्या वतीने त्यांना थांबविणारा मात्र कोणी नव्हता. स्वच्छतेचा हेतू चांगला असूनही त्या मोहिमेचा शेवट गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्यांनी झाला.

अमेरिकेतील गावांना याच प्रश्नाचे उत्तर आपत्तीनेच शोधावयास लावले. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन हे बंदर १९०० च्या वादळात उद्ध्वस्त झाले. जुने नगरमंडळ निरुपयोगी ठरल्यावर तेथे कारभाऱ्यांचे एक लहान मंडळ नेमण्यात आले व प्रत्येकाकडे एकेक खाते सोपविले गेले. ओहायोतील डेटन शहराला १९१३ च्या मार्च महिन्यात महापुराने बुडविले, आणि त्याच वर्षी नागरिकांनी नवी सनद मंजूर केली. १ जानेवारी १९१४ पासून हेन्री वेट नावाचे एक इंजिनिअर त्या शहराचे व्यवस्थापक झाले. निवडलेले मंडळ थोड्या सदस्यांचे, आणि त्याने पगारी व्यवस्थापक नेमावयाचा, अशी ही पद्धत होती. पुढे शेकडो अमेरिकन गावांनी ती उचलली. डेटनचा व्यवस्थापक आणि सुरतेचा आयुक्त वरवर एकाच जातीचे दिसतात. पण एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. डेटनच्या व्यवस्थापकाला त्याचे मंडळ नेमते आणि तेच काढून टाकते. आपल्याकडे आयुक्त राज्याच्या राजधानीतून येतो आणि तिकडूनच परत बोलावला जातो. नगरसेवकांनी मोठ्या बहुमताने ठराव केला तर त्याला परत पाठविण्याची सोय कायद्यात आहे, परंतु खरी दोरी मंत्रालयाच्या हाती असते. नवी मुंबईच्या सभागृहाने ऑक्टोबर २०१६ मध्ये तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव प्रचंड बहुमताने संमत केला, तरी ते त्या पदावर आणखी काही महिने राहिले. त्यामुळे आपला आयुक्त नगरसेवकांपुढे फारसा वाकत नाही. पण नागरिकांपुढे उभे राहण्याचेही त्याला बंधन नसते. तो जसा असेल तसा कारभार.

सुरतेला मे १९९५ मध्ये जो आयुक्त मिळाला तो एस. आर. राव. भारतीय प्रशासन सेवेतील या अधिकाऱ्याभोवती पुढे दंतकथा जमल्या. त्या बाजूला सारून पाहिले तर त्यांनी केलेली मुख्य गोष्ट अगदी रुक्ष, फायलीतली आहे. त्यांनी शहराचे सहा विभाग पाडले आणि प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला आयुक्ताचे अधिकार वाटून दिले. पूर्वी एका गटाराच्या झाकणासाठी कागद मुख्य कचेरीत येई, टेबलांवरून फिरे आणि पावसाळा संपल्यावर मंजूर होऊन परत जाई. आता विभागाचा अधिकारी जागेवरच निर्णय घेऊ लागला. अर्थात, निर्णय चुकला तर सबब सांगण्यास वरचे टेबलही उरले नाही.

दुसरा हुकूम कचेरीतील लोकांना अधिक जाचक वाटला. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सकाळचे काही तास रस्त्यावर काढावयाचे आणि दुपारनंतर एकत्र बसून सकाळी काय पाहिले व काय केले ते सांगावयाचे. वातानुकूलित खोलीतून रोजच्या कष्टांकडे, असा याचा अर्थ. विजेच्या दोन प्रवाहांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून कोटी करून तो सांगितला जाई. ज्या अधिकाऱ्याने स्वतः वास घेतला आहे त्याला अहवालात ‘परिस्थिती समाधानकारक’ असे लिहिणे कठीण जाते.

पुढची कामे बघण्यासारखी, म्हणून प्रसिद्धी पावलेली. गलिच्छ उपाहारगृहांवर कारवाई झाली, कचरा टाकणाऱ्यांना दंड झाला, बाजारपेठांतील रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. आजारांची नोंद वस्तीवस्तीतून रोज गोळा होऊ लागली, म्हणजे साथ पसरण्याआधीच तिचा सुगावा लागावा. पाडापाडी झाली तिचा क्रम महत्त्वाचा होता. प्रथम बड्या लोकांची बेकायदा बांधकामे पडली. गरिबाचे खोपटे आधी पाडून श्रीमंताच्या सज्जापाशी मोहीम दमते, हा आपल्या शहरांचा नेहमीचा अनुभव. येथे तो उलटला, म्हणून लोकांचा विश्वास बसला. विरोध झालाच. नगरसेवकांशी खटके उडाले, वजनदार माणसांनी वजन वापरून पाहिले. परंतु लोक बाजूने आहेत हे दिसल्यावर राजकारणी मंडळीही धोरणीपणाने त्याच बाजूला सरकली. कचऱ्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग रोज उचलला जाऊ लागला, आणि १९९६ मध्ये ‘इंटॅक’ या संस्थेने चंडीगडच्या खालोखाल सुरतेला देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हटले. प्लेगनंतर दोन वर्षांत! राव यांची बदली झाली तेव्हा नागरिकांनी निषेध केला. १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इतके सांगून बहुतेक लेख थांबतात. एका कर्तबगार पुरुषाची कथा म्हणून ती ऐकावयास गोडही आहे. परंतु राव गेल्यावरही शहर साफ राहिले, हे त्या कथेत बसत नाही. त्याचे कारण विभागांची वाटणी, रोजची बैठक आणि आजारांची नोंदवही ही पाठीमागे राहिली, आणि नंतरच्या आयुक्तांनी ती मोडली नाही. केंद्र सरकारच्या २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला. त्याआधीची तीन वर्षे ती दुसरी होती.

मात्र या कथेत एक पात्र सतत हजर असून बोलताना दिसत नाही. ते म्हणजे ज्याच्या हातात झाडू आहे तो. १९९४ च्या त्या दिवसांत ज्यांना जाणे शक्य होते ते गेले. गाळ आणि सडलेली जनावरे उचलण्याचे काम सफाई कामगारांच्याच वाट्याला आले. अधिकाराची वाटणी आयुक्तापासून विभागाच्या अधिकाऱ्यापर्यंत उतरली, तेथून मुकादमाच्या हजेरीपटापर्यंत. त्याखाली काय?

या प्रश्नावर आपल्याकडचा इतिहास मुका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, कारण झाडूवाल्याचा तंटा केवळ पगाराचा नव्हता. जातीने लादलेल्या कामाचा आणि त्या कामात कायमचे अडकून राहण्याचा होता. स्वातंत्र्यानंतर नगरपालिकांनी कोर्टात वेगळाच युक्तिवाद मांडला. नगरपालिका हा कारखाना नव्हे, ती शासनाचे अंग आहे, तेव्हा तिच्या नोकरांना औद्योगिक तंट्यांचा कायदा कसा लागू होईल? बंगालमधील बज-बज नगरपालिकेच्या खटल्यात, १९५२ च्या डिसेंबरात, सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. १९६० मध्ये नागपूर महापालिकेच्या खटल्यात ते न्यायालय आणखी पुढे गेले. पाणी, दिवे, आरोग्य, शिक्षण अशी खाती एकेक करून तपासली गेली आणि त्यांपैकी बहुतेकांतील काम उद्योगाच्या व्याख्येत बसते असे ठरले. म्हणजे नागपूरच्या झाडूवाल्याला गिरणीतील कामगाराप्रमाणेच आपला तंटा न्यायाधिकरणापुढे नेण्याचा हक्क मिळाला. दुसऱ्या बाजूला, १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने शहराची सफाई ही सार्वजनिक उपयुक्ततेची सेवा ठरविली होती. संपाची रीतसर नोटीस द्यावी लागे आणि दिल्यानंतर चौदा दिवस थांबावे लागे. रोगराईची भीती आणि कामगाराचा हक्क यांची ही तडजोड होती, आणि ती वाजवी होती असेच म्हणावे लागते.

अमेरिकेत या बाबतीत दोन टोकांची उदाहरणे आढळतात. न्यूयॉर्कमध्ये १८९५ साली कर्नल जॉर्ज वॉरिंग रस्तेसफाई खात्याचे प्रमुख झाले, तेव्हा त्या खात्यातील नोकऱ्या टॅमनी हॉल नावाच्या राजकीय टोळीची खिरापत होत्या. वॉरिंग यांनी झाडूवाल्यांना पांढरे गणवेश दिले आणि १८९६ मध्ये त्यांचे संचलन शहराच्या हमरस्त्यावरून काढले. गणवेशाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्याहून मोलाची गोष्ट विस्मरणात गेली. त्यांनी कामगारांतून एक्केचाळीस जणांची समिती निवडून घेतली, आणि तिच्यातील पाच व खात्याचे पाच अशा दहा जणांच्या मंडळापुढे तक्रारी ठेवण्याची वहिवाट पाडली. मुकादमाने अन्यायाने दंड केला तर झाडूवाला तेथे दाद मागे. १८९७ अखेर टॅमनी पुन्हा निवडून आली आणि वॉरिंग यांचे पद गेले. पुढच्याच वर्षी, हवाना शहराच्या आरोग्याची पाहणी करून परतल्यावर, ते पीतज्वराने वारले.

दुसरे टोक टेनेसी राज्यातील मेंफिसचे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसात, कचरा दाबणाऱ्या मोटारीच्या यंत्रात सापडून दोन कामगार ठार झाले. ते दोघे कृष्णवर्णी होते, तसे त्या खात्यात बहुतेक सगळेच. १२ तारखेपासून सुमारे तेराशे कामगारांनी काम थांबविले. त्या शहराने नुकतीच, १ जानेवारीपासून, कारभाराची नवी पद्धत स्वीकारली होती. सार्वजनिक नोकरांचा संप बेकायदा आहे, संघटनेला मान्यता देणार नाही, असे महापौर हेन्री लोब म्हणाले. नगरमंडळाच्या एका समितीने मान्यतेची शिफारस केली, तर पूर्ण मंडळाने दुसऱ्या दिवशी हात झटकले आणि हा महापौरांचा विषय आहे असे सांगितले. तंटा मिटविण्याचा अधिकार कोणाचा, याचेच उत्तर मिळेना. ‘मी माणूस आहे’ अशी पाटी गळ्यात घालून कामगार रोज रस्त्यावरून चालत गेले. त्यांना पाठिंबा देण्यास आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिलला तेथेच खून झाला. १६ एप्रिलला समझोता झाला. संघटनेला मान्यता आणि पगारवाढ दोन्ही मिळाली. फेब्रुवारीत एका बैठकीत सुटावा असा हा प्रश्न होता.

आपल्याकडे न्यायालयाने मिळवून दिलेला हक्क वेगळ्या वाटेने निसटला. गेल्या तीन-चार दशकांत महानगरपालिकांनी सफाईचे काम ठेकेदारांकडे सोपविण्यास आरंभ केला. सुरतही त्याला अपवाद नाही. रात्रीची झाडलोट आणि घरोघरचा कचरा नेणे यांतील बरेच काम तेथे ठेक्यावर चालते. ठेका स्वस्त पडतो, काम न झाल्यास पैसे कापता येतात, आणि हे फायदे खोटे नाहीत. परंतु ठेक्यातील झाडूवाला रस्ता महापालिकेचा झाडतो, हुकूम महापालिकेच्या निरीक्षकाचा पाळतो, आणि पगार थकला की त्याला सांगितले जाते, तुझा धनी दुसरा. मुंबईत कचरा वाहणाऱ्या सुमारे सत्तावीसशे कंत्राटी कामगारांनी हा पडदा दूर करण्यासाठी वर्षानुवर्षे खटला लढविला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. ठेका हा देखावा असून खरी मालक महापालिकाच आहे, असा त्याचा आशय होता. मधल्या काळात त्यांच्यातील कित्येक जण निकाल ऐकण्यास उरले नव्हते.

गटारात उतरणाऱ्यांची स्थिती याहून कठीण. हाताने मैला साफ करविण्यास बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ मध्ये झाले. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २०२३ च्या ऑक्टोबरात ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली याचाच अर्थ माणसे अजून उतरत आहेत.

सुरतेने १९९५ नंतर ज्या गोष्टी बसविल्या त्यांत रोज दुपारनंतरची बैठक ही सर्वांत टिकाऊ ठरली. त्या बैठकीत विभागाचा अधिकारी आपली तक्रार मांडू शकतो, आणि नागरिकाची तक्रार तेथवर पोहोचावी अशी व्यवस्थाही झाली. बाजारपेठेत रात्री दुकाने बंद झाल्यावर झाडूची जी रांग निघते, तिच्यातील ठेक्यावरच्या कामगाराची हजेरी मात्र ठेकेदाराच्या वहीत लागते, आणि वॉरिंग यांच्या दहा जणांच्या मंडळासारखे दाद मागण्याचे ठिकाण त्याच्यासाठी अजून ठरावयाचे आहे.